समोरच्या बूथमधल्या दुपारी

७ नोव्हेंबर १९९५

समोरच्या चिदंबरनं आज पिवळी पाटी लावली. एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म काढला, आता म्हातारपणी टेलिफोनचं दुकान. घराची पुढची खोली रिकामी करून त्यात काचेची कोठडी बसवली आहे. आत फोन, वर लाल आकडे पळणारा मीटर. उद्घाटनाला गल्लीत सगळ्यांना फोडणीच्या हरभऱ्यांचं सुंडल वाटलं. मीही खाल्लं. मीठ कमी होतं.

पाऊस सुरू झाला आहे. पुण्या-मुंबईकडच्या मासिकांत या दिवसांत हुरडा आणि शेकोट्या असतात. आमच्या तंजावरात थंडी म्हणजे हाच पाऊस. साडेतीनला पोरं शाळेतून येतात तेव्हा आभाळ असं भरून आलेलं असतं की दिवेलागण झाल्यासारखी वाटते, आणि नेमका त्याच वेळी करंट जातो. सून लावण्या बँकेतून सहाला येते. मुलगा वरुण औषधांच्या कंपनीचा, आठवडाभर फिरतीवर. हरिता आठ वर्षांची, रघुराम पाच. माझी बायको वसुमती गेल्यापासून या अंधाऱ्या दुपारी माझ्या आहेत. कंदील लावायचा, दाराबाहेरच्या ओट्यावर, तिन्नैवर, चटई टाकायची, पल्लांगुळीच्या पाटावरच्या खळग्यांत चिंचोके खेळायचे, भिंतीवर हातांनी ससा आणि मगर करायची, नि गोष्टी सांगायच्या. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो तेव्हा माझं कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नाही.

गोष्टी मी मराठीत सांगतो. पोरं ऐकतात मराठीत, विचारतात तमिळमध्ये. सगळं समजतं, पण तोंडातून एक अक्षर निघत नाही. गल्लीतल्या आमच्या सगळ्या मराठी घरांत हीच तऱ्हा आहे.

ही वही उघडी टाकली तरी चालते. घरात देवनागरी वाचणारा मी एकटाच.

१० नोव्हेंबर

करंट गेला की सगळी गल्ली काळी होते, फक्त चिदंबरचा बूथ उजळलेला. बॅटरीवर चालणारी ट्यूबलाइट आहे त्याची. आज रघुराम तिन्नैच्या कठड्याला नाक लावून तिकडेच बघत बसला. मगरीची गोष्ट ऐन रंगात आली होती. मगर माकडाला पाठीवर घेऊन नदीच्या मध्यावर आली, आणि हा विचारतो, त्या मीटरचे आकडे कोण पळवतं?

मी म्हटलं, मगर पळवते. त्याला हसू आलं नाही.

१४ नोव्हेंबर

गेली. दोघंही गेली.

चिदंबरनं हाक मारली म्हणे. बालदिन म्हणून चॉकलेट देतो, या. मी म्हटलं जाऊन या, पाच मिनिटांत परत. कंदिलाची काच पुसून ठेवली, चटई टाकली, पल्लांगुळीत चिंचोके वाटून ठेवले. सहा वाजता लावण्याच्या स्कूटीचा आवाज आला तेव्हा आली. चिंचोके तसेच.

मी रागावलो नाही. लावण्यासमोर रागावणं शोभत नाही. फक्त इतकंच म्हटलं की अभ्यास बुडाला. त्यावर हरिता म्हणते, अभ्यास तिथंच केला, तिथं उजेड आहे.

१६ नोव्हेंबर

आज सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा चिदंबर भेटला. त्याची बायको अलमेलु गेले दोन महिने पुण्यात आहे. लेकीचं दुसरं बाळंतपण. जावई तिथं मोटारींच्या कुठल्याशा नव्या कारखान्यात लागला आहे, चारेक वर्षं झाली. हे सगळं मला माहीत आहे, पण माणूस पुन्हा पुन्हा सांगतो. मग एकदम मला विचारतो, सार, तुमच्या मराठीत ‘जेवलास का’ ला काय म्हणतात?

आता हे याला कशाला हवं? आधी पोरं नेली, आता भाषाही पाहिजे. मी म्हटलं, ‘आमची भाषा तोंडात बसायला तीनशे वर्षं लागतात, सार. आम्ही एवढी वर्षं इथं राहून टिकवली आहे, दुधाच्या रांगेत कशी देऊ?’ तमिळमध्येच म्हटलं, हसत म्हटलं. तोही हसला. मग बराच वेळ दुधाच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत उभा होता.

२० नोव्हेंबर

रोज जातात. शाळेतून आली की दप्तरं फेकायची, इडली तोंडात कोंबायची, आणि छत्री न घेता धावत समोर. मी तिन्नैवर बसून बघतो. काचेच्या कोठडीत कधी हरिता, कधी रघुराम, रिसीव्हर कानाला लावून बोलत असतात. चिदंबर बाहेरच्या टेबलाशी दुसरा फोन कानाला लावून बसतो. हा दुसरा फोन बंद पडलेला, जुना, काळा. खोटा खोटा टेलिफोन खेळतात. काय बोलतात ऐकू येत नाही, काच आहे ना. ओठ हलताना दिसतात, चिदंबर मान डोलावताना दिसतो, आणि मग तिघंही हसताना दिसतात. गिऱ्हाईक आलं की खेळ थांबतो. गिऱ्हाईक गेलं की परत चालू.

एवढं काय बोलायचं असतं? माझ्याशी बोलताना हरिताला ‘हं’ आणि ‘नाही’ पलीकडे जमत नाही.

मला हेवा वाटतो. लिहूनच टाकतो, वाचणारं कोण आहे. साठी उलटलेला माणूस मी, मला एका टेलिफोनवाल्याचा हेवा वाटतो. 

२२ नोव्हेंबर

आज मीही टेलिफोन केला. काड्यापेटीचे दोन डबे, मध्ये वीस फूट दोरा. एक टोक तिन्नैवर, एक आत न्हाणीघराशी. रघुरामला आत उभं केलं आणि मराठीत विचारलं, कोण बोलतंय? दोन मिनिटं तो खुश होता. मग बाहेर येऊन तमिळमध्ये म्हणाला, आजा, ताताचा फोन खरा आहे. चिदंबरला ही पोरं ताता म्हणतात, तमिळ आजोबा.

मी म्हटलं, काळा फोन बंद आहे, तोही खोटाच. म्हणाला, पण तो खरा होता आधी.

वकील होणार हा.

२८ नोव्हेंबर

चंपाषष्ठी. खंडोबाला भरीत-रोडगा केला. लावण्यानं बँकेतून अर्धी रजा घेतली, मन लावून केलं सगळं. आरती मी एकट्यानं म्हटली. पोरं टाळ्या वाजवतात, ओठ हलवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी कुंभकोणमच्या लग्नात हरितानं सगळ्यांसमोर ‘मी आला’ म्हटलं होतं. मी किती हसलो होतो. त्या लग्नात मी तो किस्सा निदान दहा जणांना सांगितला, आणि दर वेळी हरिता शेजारी होती. फार गोड म्हणाली होती. तेव्हापासून मात्र तिचं मराठी ऐकलं नाही. या पोरांना चिकाटीच नाही.

प्रसाद समोर द्यायला पाठवलं पोरांना. अर्ध्या तासानं मी गेलो आणायला. चिदंबर भरीत चाटूनपुसून खात होता. मी त्याच्यासमोरच पोरांना मराठीत म्हटलं, ‘पाहा, रेल्वेनं यास शिट्टी दिली, अक्कल द्यायची राहिली. भरतासंगें रोडगा खातात, हा नुसतें भरीतच गिळतो.’ असं बोलायला आपली भाषा फार सोयीची. माणूस समोर बसलेला असतो नि त्याला पत्ता नसतो. माझ्या वडिलांनी जिल्हा कचेरीत तीस वर्षं साहेबांना अशीच शेलकी विशेषणं दिली, साहेब मान डोलवायचे.

रघुराम हसला नाही. हरिता दप्तराचा पट्टा चावत होती. चिदंबरनं रोडग्याचा तुकडा मोडला आणि भरताला लावून खाल्ला. नेहमी मी गेलो की कॉफी विचारतो. आज विचारली नाही. बायको नाही घरात, विसरला असेल.

२ डिसेंबर

ओरत्तनाडूला जाऊन आलो. चुलतभाऊ प्रतापसिंहाकडे आमच्या काकांची मॅजिक लँटर्न पडून होती. काचेवर रंगवलेली चित्रं, हत्ती, जहाज, राजा, बदकं, आत दिवा लावला की भिंतीवर माणसाएवढी दिसतात. लहानपणी आम्ही पोरं तिच्यासाठी भांडायचो. प्रतापसिंहानं कधीतरी तिच्यात विजेचा बल्ब बसवून घेतला आहे, म्हणाला आता धूर होत नाही. गावच्या बसमधून, कालव्याचं पाणी रस्त्यावर आलेलं, पेटी मांडीवर घेऊन आलो. पाठ भिजली, पेटी कोरडी.

सोमवारी दाखवीन. सोमवारी कोण समोर जातं ते बघतो.

४ डिसेंबर

चटई टाकली. पांढरं धोतर भिंतीला लावलं. पोरांना मुद्दाम थांबवून ठेवलं. हत्तीची काच बसवली, बटण दाबलं, हत्ती भिंतीवर उभा राहिला. रघुरामनं ‘आ’ केला. पुढच्या क्षणी करंट गेला.

मॅजिक लँटर्नला वीज लागते. पावसाळी दुपारी आमच्या गल्लीत वीज नसते. हे एवढं मला ओरत्तनाडूच्या बसमध्ये दोन तास सुचलं नाही.

अर्धा तास वाट पाहिली. मी हत्तीबद्दल नुसतंच बोलत राहिलो. मग हरिता हळूच म्हणाली, ताताच्या बॅटरीवर लावून बघू या का? मी म्हटलं नाही. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हटलं. मग ती दोघं गेली, मी धोतर उतरवून घडी केलं.

त्याच्या बॅटरीवर लावलेला हत्ती त्याचाच झाला असता.

७ डिसेंबर

काल कार्तिकदीप होता, गल्लीभर पणत्या. आज मात्र मन उल्हसित आहे. लँटर्न वाया गेली नाही. रघुराम सकाळी आंघोळ करताना मला विचारतो, आजा, ‘शाळेत काय खाल्लंस’ ला आपल्यात कसं म्हणतात? मी सांगितलं. त्यानं तोंडातल्या तोंडात घोकलं. संध्याकाळी हरिता विचारते, ‘पाऊस पडतोय का तिकडे’? मग ‘तुझ्या बाळाचं नाव काय ठेवलं’? मग ‘तुझी आठवण येते’ ला काय म्हणतात?

म्हणजे माझ्या गोष्टी मुरल्या आहेत पोरांत. मी एकेक वाक्य तीनतीनदा म्हणून दाखवलं. हरितानं पेन्सिलीनं तमिळ अक्षरांत लिहून घेतलं. तू म्हणून दाखव म्हटलं तर लाजून पळाली. येईल, हळूहळू येईल. रक्तात आहे ते जाईल कुठं.

आज चिदंबरची थोडी कीवही आली. त्याला काय सांगता येणार आहे मुलांना, सिग्नल आणि हिरवी झेंडी?

११ डिसेंबर

लावण्यानं आज जेवताना विषय काढला. फार गोड बोलते ती, म्हणून जास्त लागतं. म्हणाली, ‘मामंजी, पोंगलनंतर पोरं दुपारीं समोरच राहूंदेत कीं. तिथें अभ्यास होतो, उजेड आहे. तुम्हांस जरा निजायला मिळेल. चिदंबर मामांस मी विचारलें, त्यांस आनंद आहे.’

विचारलंही. आधी त्याला, मग मला.

मी म्हटलं बरं. दही मागितलं. वरुणही घरात होता, तो पेपर वाचत म्हणाला की अप्पांना आराम हवाच. मला आराम नको आहे. मला साडेतीन ते सहा हवे आहेत. बाकीचा दिवस तुम्ही घ्या, पेपर घ्या, दूध आणायला पाठवा, बिलाच्या रांगेत उभं करा. तेवढे अडीच तास काढून घेतले तर या घरात मी कशासाठी आहे, हे मला कुणी सांगावं.

हे मी जेवताना बोललो नाही. इथं लिहिलं.

१३ डिसेंबर

आज दुपारी जे झालं ते लिहायलाच हवं. क्रमानं लिहितो.

तीनलाच अंधारलं. पोरं घरी न येता शाळेतून थेट समोर गेली. छत्री घेऊन मी रस्ता ओलांडला. बूथमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. रघुराम कोठडीत, दार उघडं टाकून, रिसीव्हर हातात. हरिता टेबलावर पाय हलवत बसलेली. चिदंबर काळा फोन धरून. मला बघताच तिघंही गप्प झाली. माझ्या नातवंडांनी मला बघून गप्प व्हावं.

चिदंबर उठला, तमिळमध्ये म्हणाला, या सार, बसा. मी बसलो नाही. पोरांना घरी चला म्हटलं. रघुराम म्हणाला, थोडा वेळ. तेव्हा माझं डोकं फिरलं. आवाज चढवला नाही, चेहरा हसराच ठेवला, आपली सवयच ती, आणि मराठीत म्हटलं:

‘चला रे. ज्याचा आपला नातू फोनवर येत नाहीं, तो दुसऱ्यांची पोरें आणून बसवतो. भिकाऱ्याचें लक्षण.’

हे मला कुठून माहीत? गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. रविवारी हा पुण्याला फोन लावतो आणि तो पोरगा येत नाही. वाण्याच्या दुकानात ऐकलं होतं. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

 चिदंबरनं काळा फोन जागेवर ठेवला, नीट, वायर सरळ केली. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, एकेक शब्द शोधत:

‘खरें आहे, राव. रमणा माझ्याशी बोलत नाहीं. त्यास तमिळ येत नाहीं. म्हणून मी शिकतों.’

शब्द आमचे होते. हेल आमच्या वसुमतीचा होता, म्हणजे हरिताचा, म्हणजे आमच्या घरचा.

मी हरिताकडे बघितलं. ती टेबलावरून खाली उतरली होती. आठ वर्षांची पोर, हात पाठीमागं बांधून, मला म्हणाली:

‘आजा, तुम्ही असें बोलूं नये. ताताला समजतें. पहिल्यापासून समजतें.’

मराठीत म्हणाली. एकही चूक नाही.

मी छत्री तिथंच विसरून आलो.

१४ डिसेंबर

काही नाही.

१५ डिसेंबर

काय काय बोललो ते आठवतो आहे. शिट्टी आणि अक्कल. त्याआधी एकदा त्याच्या काचेला मत्स्यालय म्हटलं होतं, त्याला त्यातला बेडूक. त्या वेळी तो मला कॉफी ओतत होता. एक थेंब बाहेर सांडला नाही.

मग ती सगळी वाक्यं. पाऊस पडतोय का तिकडे. तुझी आठवण येते. मीच तीनतीनदा म्हणून दाखवली. माझं मराठी गेलं समोर, पोरांच्या तोंडून, आणि तिथून पुण्याला. दुधाच्या रांगेत मागितलं होतं ते त्यानं आडवाटेनं घेतलं. चोरीच म्हणायची की. पण मी दिलं असतं तर चोरायची वेळ कशाला आली असती?

लाज वाटते हे खरंच. पण वहीत खोटं कशाला लिहू, लाजेच्या खाली अजून तेच जळतं आहे. माझ्या नातीनं तिचं पहिलं धड मराठी वाक्य मला ऐकवलं, आणि ते त्याच्या बाजूनं. त्याच्याशी ती महिनाभर बोलते आहे. चुकत, अडखळत बोलली असेल, आणि तो हसला नसेल.

चिदंबरनं सकाळीच छत्री पाठवून दिली, शाळेला निघालेल्या रघुरामच्या हाती. पुसून, गुंडाळून. घरी कुणाला काही कळू दिलेलं नाही पोरांनी. लावण्यानं विचारलं, आज समोर नाही गेलात? हरिता म्हणाली, पाऊस फार आहे. आज पाऊस नव्हता.

१७ डिसेंबर

रविवार. मार्गळी महिन्याचं धुकं, सकाळपासून कोवळी थंडी. नऊ वाजता चिदंबर कोठडीत जाताना दिसला. स्वतःच्याच बूथमध्ये, इस्त्रीचा शर्ट घालून. हातात कागद होता, हरिताच्या अक्षरातला असणार. फोन लागला. ओठ हलले. थांबला. पुन्हा हलले, तेच शब्द असावेत. मग नुसता ऐकत उभा राहिला, मग कुणा मोठ्या माणसाशी दोन शब्द, आणि रिसीव्हर ठेवला. बाहेर यायला त्याला फार वेळ लागला.

मी गेलो. पायात चपला घालायचं सुद्धा विसरलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. क्षमेचे शब्द तमिळमध्येही तोंडात आले नाहीत आणि मराठीत तर नाहीच.

तोच बोलला. कुणाला तरी सांगायला हवं होतं त्याला. रमणा आज पहिल्यांदा फोनवर थांबला म्हणे. दोन वर्षांचा असताना पुण्याला गेलेला पोरगा, शाळेत नि शेजारी सगळं मराठी, तमिळ विसरूनच गेला. जेवलास का विचारलं तर हसला, आणि मग भराभरा काहीतरी सांगत सुटला, बराच वेळ. आमचं गल्लीतलं संथ मराठी वर्षानुवर्षं ऐकून चिदंबरला कळतं, पण हे पुण्याचं भराभर, त्यातलं एक अक्षर समजलं नाही. विचारता येतं मला, सार, तो म्हणाला, पण त्यानं उत्तर दिलं की मी आंधळा. तिकडून पोरगा ‘कळलं का, कळलं का’ विचारत राहिला, आणि कंटाळून आईकडे फोन देऊन गेला.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी मी येतो. ऐकून सांगतो.

त्यानं मान हलवली. मग कॉफी विचारली. मी साखर कमी म्हटलं, त्यानं कमी घातली.

२१ डिसेंबर

पोरांना मीच समोर पाठवतो आहे. चिदंबरची उच्चारांची तयारी चालली आहे. मी जात नाही. गेलो की दुरुस्त करायला लागेन, मला ठाऊक आहे मी कसा आहे.

मॅजिक लँटर्न मात्र दिली. त्याच्या बॅटरीला जोडून बघा म्हटलं. इथून बघितलं, त्याच्या भिंतीवर हत्ती आला. जोडायला दहा मिनिटं लागली असतील. पोटात दुखलंच जरा.

२४ डिसेंबर

रविवार. नऊला गेलो. पोरंही आली, दोघांनी स्वेटर घातलेले, हरितानं कानाला मफलर गुंडाळलेला. चिदंबर आत गेला, फोन लावला. अलमेलुशी बोलला, मग लेकीशी, मग त्याचा चेहरा बदलला म्हणजे रमणा आला. कागदावर बोट ठेवून त्यानं विचारलं, शाळेत काय खाल्लंस. मग ऐकत राहिला. मग दार ढकलून मला हातानं बोलावलं. आत दोन माणसं मावत नाहीत. तो बाहेर आला, मी आत गेलो, दार आपोआप लागलं.

पोरगा बोलतच होता. मी म्हटलं, ‘रमणा, मी तुझ्या आजोबांचा शेजारी. सावकाश सांग बाळा, मी ऐकतों.’

पोरगा म्हणाला, ‘तुम्ही नाटकातल्यासारखं बोलता.’ आणि खदखदून हसला. मग जे सुरू झालं. शाळेत स्नेहसंमेलन आहे, त्यात तो झाड होणार आहे, झाडाला बोलायचं नसतं पण त्यानं बाईंना विचारून एक वाक्य मिळवलं आहे. बाळ रात्री रडतं. काल दात पडला, आजीनं तो तुळशीत पुरला. त्याचं मराठी इतकं भरभर की निम्मं माझ्याही हातून सुटलं, पण मी ‘होय का’ म्हटलं की तो आणखी सांगे. किती दिवसांत मला कुणी पोर असं सांगत सुटलं नव्हतं. एवढ्या लांबून, एवढं माझ्या भाषेत, आणि पोरगा म्हणतो, ‘अजून बोला ना तुम्ही, तसंच बोला.’

मी बोललो असतो. गोष्ट सुचलीही होती, मगरीची.

तेवढ्यात नजर बाहेर गेली. चिदंबर काचेला लागून उभा होता. हसत होता, कारण मी हसत होतो. वर मीटर पळत होता, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो माझ्या ओठांकडे बघत होता. हसणाऱ्या चेहऱ्यावर ते डोळे मी लगेच ओळखले. आत काय बोलतात हे कळू नये आणि बोलणारं पोर आपलं असावं, हे कसं असतं ते या गल्लीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

मी रमणाला म्हटलं, ‘बाळा, थांब. हें सगळें तुझ्या आजोबांस सांग. एकेक सांग, हळू सांग, ते शिकलालेत. तुझ्यासाठींच शिकलालेत.’

तो म्हणाला, त्यांना कळत नाही. मी म्हटलं, कळेपर्यंत सांग. पहिल्यांदा दाताचं सांग.

रिसीव्हर चिदंबरच्या हातात दिला, ‘दात’ एवढा एकच शब्द त्याला सांगितला, आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.

हरितानं मला बाकावर जागा करून दिली. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, ‘काय म्हणाला, आजा?’ मराठीत. मी श्वास रोखून बसलो, दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं तरी.

‘दात पडला म्हणे.’

‘कोणता?’

मी विचारलंच नव्हतं. आत चिदंबर रिसीव्हर कानाशी घट्ट धरून वाकला होता, कागद खाली पडला होता. त्यानं तोंड उघडलं, वरच्या दाताला बोट लावलं, पलीकडून त्याला कोण बघणार होतं कुणास ठाऊक. थांबला. मान जोरात हलवली आणि बोट खालच्या दातावर नेलं.

‘खालचा,’ मी हरिताला सांगितलं.